वैशाखातला रस्ता

शिरूर कासार,
१० नोव्हेंबर

बंकटराव व्याही यांना धर्मराजचा रामराम. रामराम घालतो तो रिवाज म्हणून. मनातून घालावासा वाटत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

दिवाळीत तुमच्या पाण्याच्या काठावर भंडारा हातात घेऊन मी तुमच्या तोंडावर शपथ घेतली की या माणसाशी पुन्हा बोलणार नाही. बिरोबाची शपथ आहे, मोडणार नाही. तुमचा फोन आला तरी उचलणार नाही. पण मनातलं ओकल्याशिवाय अन्न गोड लागेना, आणि लिहिण्याची शपथ काही मी घेतली नव्हती. तेव्हा लिहितो.

मी सारी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून काढली. गाव कशाला म्हणावं हे मला कुणी शिकवायला नको. जिथं लाल गाडीला वळायला जागा आहे ते गाव, बाकी नुसती वस्ती. एप्रिलात रोहिणीसाठी स्थळ बघायला आलो तेव्हा केजहून निघालेली जीप थेट तुमच्या पारापाशी येऊन थांबली. दोन्ही बाजूंना कलिंगडाचे वेल, आणि खाली लांबवर चकाकणारं पाणी. मी आमच्या मंडळींना म्हणालो, वत्सला, पोरीच्या डोक्यावरचा हंडा सुटला बघ. आमच्या तालुक्यात जन्म काढलेल्या माणसाची पाणी दिसलं की अक्कल चालेनाशी होते. पाणी जास्त झालं तर काय, हा प्रश्न आमच्याकडे कुणाला पडतच नाही. मलाही पडला नाही.

आणि दिवाळीला मुराळी म्हणून पोरीला न्यायला आलो तर जीपवाल्यानं मला चिखलात उतरवलं. म्हणाला, "हितून म्होरं गाडी न्हाई जात, मामा. आता काहिलीत बसा." मला वाटलं थट्टा करतोय. समोर रस्ता सरळ पाण्यात गेलेला. एप्रिलात ज्या बाभळीखाली आपण कलिंगड खाल्लं, तिचा नुसता शेंडा वर होता आणि त्यावर एक बगळा बसला होता. मग तुमचा सोमेश्वर आला, गूळ करायच्या लोखंडी काहिलीत बसून. ज्या भांड्यात रस उकळायचा त्यात तुम्ही माणसं घालता. मी नवा सदरा घातला होता. एक चप्पल चिखलानं ओढून घेतली ती घेतलीच. पाण्याला कुजक्या शेवाळाचा वास, काठाला फुगून आलेले मासे, काहिलीच्या बुडात घोटाभर गढूळ पाणी, आणि माझ्या मांडीला मांडी लावून तुमचा बोकड. त्या बोकडानं माझ्या सदऱ्यावर जे केलं ते लिहायची मला शिसारी येते. तुम्ही पाहिलंच आहे.

परत येताना तुम्हीही बरोबर होतात, पण मी काही पाहिलं नाही. डोळे गच्च मिटून, गुडघ्यांत डोकं घालून बसलो होतो. ते भांडं पाण्यावर भोवऱ्यासारखं फिरतं. माझी पोर माझ्यामागे थरथरत बसली असेल, तिला धीर द्यायचीही मला शुद्ध नव्हती. आणि काठाला लागल्यावर तुम्ही हसून काय म्हणालात? "व्हईल सवय, व्याही." तेव्हाच मी भंडाऱ्याची पुडी काढली.

तुम्ही मला फसवलंत. रोहिणी इथं आहे आणि इथंच राहील. ज्या दिवशी तुमच्या पारापाशी एसटी येऊन वळेल, त्या दिवशी तिला नांदायला धाडीन.

तुमचा नाइलाजानं व्याही,
धर्मराज


कसबे मोहगव्हाण,
२४ नोव्हेंबर

धर्मराज व्याही यांना बंकटचा दोन्ही हात जोडून रामराम. पोस्टमन काठावरच्या टपरीत पत्र टाकून जातो, तिथून ते काहिलीत बसून येतं. म्हणून उशीर. पत्र थोडं भिजलं, पण तुमचा राग काही भिजला नव्हता.

बोकडाबद्दल माफी मागतो. तो सगळ्यांनाच करतो.

आमच्या गावाला तुम्ही वस्ती म्हणालात ते मात्र लागलं. व्याही, आमचं कसबे आहे. निजामाच्या काळात इथं करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता, माझ्या आज्यानं पाहिलेला. गाड्यांची वाट आमच्या टेकडीखालून जायची आणि मेंढरांचा बाजार भरायचा तर सिरसाळ्याकडचे व्यापारी मुक्कामाला यायचे. मग धरण झालं. खालची गल्ली, पिठाची गिरणी, बाजारतळ, सगळं पाण्याखाली गेलं, आणि वरची आमची घरं तेवढी टेकडीवर राहिली. खालच्यांना नवं गाव मिळालं. आम्ही विचारायला गेलो तर म्हणाले, तुमची घरं कुठं बुडाली? आम्ही म्हणालो, रस्ता बुडाला. ते म्हणाले, पुनर्वसन घराचं होतं, रस्त्याचं होत नसतं. तेव्हापासून वैशाखात आम्ही गाव आणि बाकी वर्षभर बेट.

आता फसवणुकीचं. खोटं बोलत नाही. या गावाला कुणी पोरगी देत नाही. म्हणून जुन्या लोकांनी रीतच पाडली, की सोयरिकीचा पाव्हणा पाणी ओसरल्यावरच बोलवायचा. रस्ता उघडा पडला की सगळं गाव मिळून तो सारखा करतं, खडे वेचतं, पाराला गेरू लावतं. त्याच महिन्यात बघणं, त्याच महिन्यात कुंकू, आणि पाऊस पडायच्या आत लग्न. ज्या वर्षी दुष्काळ त्या वर्षी आमच्याकडे मांडव जास्त. पाऊस चांगला झाला की पाणी उतरतच नाही आणि पोरं तशीच राहतात. सगळा जिल्हा पावसाला नवस करतो तेव्हा आमची लग्नाळू पोरं गप बसलेली असतात. माझी सारजा अशीच आली. पहिल्या पावसाळ्यात तिनं मला जे ऐकवलं ते तुमच्या पत्रापेक्षा जोरदार होतं.

तुम्ही पावसाळ्याचं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सोमेश्वर हल्ली जेवताना मान वर करत नाही. पोरीला धाडा, व्याही. तिची लेक म्हणून काळजी घेऊ.

तुमचा,
बंकट


शिरूर कासार,
८ डिसेंबर

बंकटराव,

तुमचं पत्र वाचून किळस आली. एका माणसानं फसवणं मी समजू शकतो, कंडक्टरला रोज फसवणारे भेटतात. पण सगळ्या गावानं मिळून, पाराला गेरू लावून, पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या पोरी फसवून आणायच्या, आणि वर त्याला रीत म्हणायचं? सारजाबाईंचं नाव घेऊन तुम्ही उलट अभिमान सांगता. चोरानं आपल्या आजोबाची चोरी सांगावी तसं झालं.

आणि काळजी घेऊ म्हणता. काठावरचा टपरीवाला मला सगळं बोलला आहे, त्याच्याकडे चहा पिताना. गेल्या वर्षी भर पावसाळ्यात तुमच्या गावातल्या कौशल्याबाईला साप चावला. वारा सुटलेला. काहील काठाला लागेना, फिरून फिरून मधेच. बाई दवाखान्याच्या वाटेवर सुद्धा नाही, पाण्याच्या मधोमध गेली. हे तुमच्या पत्रात का नव्हतं? नाका होता ते लिहिलंत, बाजार होता ते लिहिलंत, हे का नाही लिहिलंत?

रोहिणी घाबरली आहे. बोलत नाही, जेवण कमी झालं आहे, संध्याकाळी लिंबाखाली फोन घेऊन उभी असते आणि मी गेलो की आत निघून जाते. त्या पाण्याचा धसका तिनं घेतला आहे, मला बापाला कळतं.

मी आता हातावर हात धरून बसणार नाही. कचेऱ्या मला नव्या नाहीत. त्या पाण्यावर पूल का होत नाही ते वरच्या साहेबांनाच जाऊन विचारतो.

धर्मराज


कसबे मोहगव्हाण,
२२ डिसेंबर

धर्मराज व्याही यांना रामराम.

कौशल्या माझी धाकटी भावजय. काहील मीच वल्हवत होतो. म्हणून लिहिलं नाही.

कचेरीत जाऊ नका. पाया पडून सांगतो. तिथं जाऊन काही होणार नाही, उलट तुम्हालाच वाईट वाटेल. कारण विचारू नका. पोरीला धाडायची नसेल तर धाडू नका, पण कचेरीत जाऊ नका.

बंकट


शिरूर कासार,
१९ जानेवारी

बंकटराव,

भावजयीचं वाचून मला वाईट वाटलं. मागच्या पत्रात ते तसं लिहायला नको होतं. पण कचेरीत मी गेलो, आणि बरं झालं गेलो.

तीन वेळा परत पाठवलं. चौथ्यांदा एक साहेब भेटले, पान खाऊन तोंड भरलेलं, बोलताना मान वर करून बोलत होते. त्यांनी कागद काढून सांगितलं की कसबे मोहगव्हाणला पुलाची गरज नाही. का? तर त्यांच्या माणसानं गेल्या एप्रिलात जागेवर जाऊन पाहणी केली. जीप गावात गेली, रस्ता उत्तम होता, आणि खुद्द गावकऱ्यांनीच सांगितलं की रस्ता बारमाही चालू असतो. पूल मंजूर होण्याच्या बेतात होता. त्या एका बोलण्यावर यादीतून निघाला आणि दुसऱ्या गावाला गेला.

बंकटराव, मी आयुष्यात पुष्कळ घाण पाहिली. रात्रीच्या गाडीत लोक काय काय करून जातात ते झाडलं आहे. पण असली घाण नाही पाहिली. ज्याच्या दारात बाई मेली तो माणूस साहेबाला सांगतो की रस्ता बारमाही आहे? कोण तो गाढव? त्याचं नाव मला कळवा. माझ्या पोरीचा संसार त्यानं बुडवला. त्याला मी केजच्या भर बाजारात उभा करीन. तुमच्या गावची माणसं मला आता डोळ्यांसमोर नकोत.

नाव लिहा. फक्त नाव.

धर्मराज


कसबे मोहगव्हाण,
३ फेब्रुवारी

धर्मराज व्याही यांना रामराम.

तो गाढव मी.

तुम्हाला तो दिवस आठवतो का बघा. तुम्ही बघायला आलात त्याच दिवशी दुपारी एक पांढरी जीप आली होती. आपण सगळे पारावर बसलो होतो, चहा आला होता, रोहिणीचं नि सोमेश्वरचं सगळ्यांच्या मनात बसलं होतं, फक्त तुमचा होकार यायचा होता. त्या जीपमधून टोपी घातलेला एक माणूस उतरला. आम्ही त्याची कित्येक वर्षं वाट पाहत होतो. यायचा तर एखाद्या आडवारी यायचा, पण तो नेमका त्या दिवशी आला.

त्यानं उभ्या उभ्या विचारलं, "पावसाळ्यात हा रस्ता चालू असतो का?"

सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही बशीत चहा ओतत होतात. खरं सांगितलं असतं तर तुम्ही बशी ठेवून उठला असता. पोरगं तिशीला आलेलं. मी म्हणालो, "असतो की साहेब. बारमाही हाय."

एकही माणूस आडवा बोलला नाही. कौशल्याचा नवरा, माझा सख्खा भाऊ, तोही तिथंच बसला होता. तोही बोलला नाही. त्याचीही पोरं उद्या लग्नाची होणार.

आता पुढचं लिहू नये असं वाटत होतं, पण तुम्ही फक्त नाव मागितलंत आणि एका नावानं ते पुरं होत नाही. साहेब जायला निघाला तेव्हा तुम्ही उठून त्याच्याजवळ गेलात. तुम्ही म्हणालात, "साहेब, मी एसटीतला माणूस आहे. मला रस्त्यातलं कळतं. या रस्त्यावर लाल गाडी सुद्धा आरामात जाईल." त्यानं तुम्हाला तुमचं नाव विचारलं आणि खूश होऊन निघून गेला. तुम्ही परत येऊन बसलात आणि मग तुमचा होकार आला.

त्या दिवशी मी सून मिळवली म्हणून गुळाची भेली वाटली. पूल त्याच दिवशी गेला होता. मला स्वतःचीच ओकारी येते, व्याही. तुम्ही म्हणाल त्या बाजारात उभा राहतो.

बंकट


कसबे मोहगव्हाण,
१६ फेब्रुवारी

ती. अण्णांना रोहिणीचा नमस्कार.

तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून तुमच्यासारखंच पत्र लिहिते. मी सुखरूप पोहोचले. आईला सांगून आले होते, तिच्यावर चिडू नका.

सासऱ्यांचं पत्र तुम्ही वाचून चुलीत घालायला निघालात, तेव्हा मी ते तुमच्या हातून घेतलं. ते वाचलं आणि त्याच दिवशी ठरवलं की निघायचं. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडून राहिलात. मी पिशवी भरत होते तेव्हाही उठला नाहीत.

अण्णा, मी पाण्याला घाबरून गप्प नव्हते. मला तुमचा राग आला होता. माझ्या संसाराचं सगळं तुम्ही आणि मामा पत्रातून ठरवत होतात, मी दोन हातांच्या अंतरावर चुलीपाशी बसलेली असताना. एकदाही कुणी म्हणालं नाही, रोहिणी, तुझं काय?

मला सगळं माहीत होतं. तुम्ही बघायला येण्याच्या आधीच यांनी माझा नंबर मिळवून मला फोनवर सांगितलं होतं. पावसाळ्यातला व्हिडिओ पाठवला होता, पाणी, काहील, बोकड, सगळं. म्हणाले, नंतर कळून रडण्यापेक्षा आधी बघ. असं खरं बोलणारा माणूस मला दुसरा भेटला नव्हता, म्हणून मी हो म्हणाले. मामांना हे माहीत नव्हतं. तुम्हालाही नव्हतं. तुम्ही दोघं त्या पारावर एकमेकांना जपत बसलात, आणि जिच्यासाठी मामा खोटं बोलले तिला ते खोटं नकोच होतं. मला कुणी विचारलं असतं तर पूल आज उभा राहत असता. हे आठवलं की माझ्या जिवाचा नुसता संताप होतो.

आणखी एक. दिवाळीला परत येताना तुम्ही डोळे मिटून बसला होतात. मी तुमच्यामागे थरथरत बसले नव्हते. काहील मीच वल्हवत होते. श्रावणापासून शिकले. सासूबाईंनी शिकवलं, कौशल्याकाकू गेल्यावर त्यांनी ठरवलं होतं की घरातल्या बाईला हे आलंच पाहिजे. भांडं भोवऱ्यासारखं फिरतं ते वल्हं एकाच बाजूला मारलं तर. मी तुम्हाला एकदाही फिरवलं नाही, अण्णा. तुमचंच डोकं फिरत होतं.

गाव चांगलं आहे असं मी म्हणत नाही. शेवाळाचा वास मलाही सहन होत नाही. पण शिव्या देऊन पूल येणार नाही. जे बोलून घालवलंत ते बोलूनच परत आणा.

तुमची,
रोहिणी


शिरूर कासार,
१७ मार्च

बंकटराव व्याही यांना धर्मराजचा रामराम. या खेपेला मनापासून.

महिनाभर लिहिलं नाही, कारण कुणाची किळस करावी हेच कळेना. तुमची करायला बसलो की मध्येच मी आडवा येतो. ती बशी, तो चहा, सगळं आठवतं. तुम्ही एका पोराच्या बापाचं खोटं बोललात. मला तर कुणी काही विचारलंही नव्हतं, नुसता माझा मोठेपणा दाखवायला उठलो. आरशात स्वतःचं तोंड बघायला नको वाटतं.

शेवटी पुन्हा कचेरीत गेलो. तेच साहेब, तेच पान. मी सांगितलं की साहेब, त्या दिवशी लाल गाडी जाईल असं म्हणणारा एसटीतला शहाणा तो मीच, आणि ते खोटं होतं. लिहून देतो, सही करतो. त्यांना काही आश्चर्य वाटलं नाही. म्हणाले, ठीक आहे, मग पुन्हा पाहणी लावू, येत्या मे महिन्यात. मी म्हणालो, साहेब, मे महिन्यात नको, सप्टेंबरात या.

त्यावर साहेब काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहितो. म्हणाले, "सप्टेंबरात कसं येणार? पावसाळ्यात तिथं गाडी जात नाही ना."

बंकटराव, मी त्यांच्या टेबलावर थुंकलो नाही एवढंच. पण उठलोही नाही. तिथंच बसून राहिलो. म्हणालो, हेच मला कागदावर लिहून द्या. ते गडबडले. उद्या या म्हणाले. मी उद्या गेलो, परवा गेलो, रोज डबा घेऊन गेलो आणि त्यांच्या समोरच्या बाकावर जेवलो. मागच्या आठवड्यात कंटाळून त्यांनी सप्टेंबरातली पाहणी मान्य केली. साहेब स्वतः येणार. त्यांना काठापर्यंत आणायचं काम माझं.

तेव्हा गावाला सांगा, की या वेळी सगळी कामं उलटी करायची. रस्ता सारखा करू नका, खडे वेचू नका, पाराला गेरू लावू नका. पोरांची लग्नं या वर्षी राहिली तर राहू द्या, आणि पाव्हणा आलाच तर त्याला सगळं खरं सांगा. साहेबांना नवा सदरा घालून या म्हणून सांगतो. तुमचा तो बोकड तेवढ्यात विकू नका, साहेबांच्या शेजारी बसवायचा आहे.

शपथ आहे, म्हणून तुमच्याशी मी बोलणार नाही. पारावर एसटी वळेल तेव्हा बिरोबाला विचारून बोलू. तोपर्यंत तुम्ही काहिलीत माझ्यासमोर बसा आणि गप्प राहा. वल्हं रोहिणीच्या हातात द्या. तिला सांगा, या वेळी तिचा बाप डोळे उघडे ठेवून बसणार आहे.

तुमचा व्याही,
धर्मराज